शकुच्या गुडघ्यांसाठी

मित्रांनो, मी जुनी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विक्रोळीच्या एका लहानशा ख्रिस्तमंदिरात माझ्या नावाची एक पाटी लावलेली आहे आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'इंग्लंडमधील सातशे वर्षे जुन्या चर्चमधील पवित्र उशी'. सातशे वर्षं जुनं ते चर्च होतं. मी चौदा वर्षांची आहे. आणि पवित्र म्हणावं असं मी आजवर काही केलेलं नाही. मी गुडघे टेकायची उशी आहे. माणूस प्रार्थनेला खाली वाकतो तेव्हा त्याच्या गुडघ्यांना फरशी टोचू नये, एवढ्यासाठीच मला बनवलं.

दीड वीत लांब, वीतभर रुंद आणि चार बोटं जाड, एवढीच मी. आत घट्ट फोम, वर जाळीचं जाड कापड आणि त्या जाळीच्या एकेका भोकातून ओढलेली लोकर. निळ्या रंगावर मधोमध पांढरा क्रॉस आणि चारही कडांना नारिंगी फुलं. या क्रॉसनेच पुढे माझी वाट लावली, पण ते ओघाने येईलच.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. त्याचं नाव सांगत नाही, तुम्हाला उच्चारता यायचं नाही. जिच्यासाठी मला विणलं त्या शकुलाही पहिली दोन वर्षं जमलं नव्हतं. साठेक घरं आणि एक दुकान, तेही गुरुवारी बंद. चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं. ते दुरुस्त करण्यापेक्षा सगळं गाव दहा मिनिटं उशिरा वागायला शिकलं. पाळकसाहेब पाच गावांत मिळून एकच, ते महिन्याच्या तिसऱ्या रविवारी येत. बाकीच्या रविवारी गावातलंच कुणीतरी वचन वाचायचं. दाराच्या आत एक कागद डकवलेला असे, त्यावर वेदीपुढे फुलं कुणी ठेवायची आणि उपासनेनंतरच्या चहाला केक कुणी आणायचा याच्या पाळ्या लिहिलेल्या. माणसं कमी होत गेली तशी तीच तीच नावं त्या कागदावर लवकर लवकर यायला लागली.

तिथल्या प्रत्येक बाकाच्या पाठीला कड्या होत्या आणि कडीला एकेक उशी टांगलेली. गावातल्या बायकांनी हिवाळ्यात बसून विणलेल्या. कुणावर ट्रॅक्टर, कुणावर मधाचं पोळं, एकीवर तर चक्क क्रिकेटची बॅट. गंमत अशी की त्यांच्यावर गुडघे फारसं कुणी टेकत नसे. तिथली माणसं प्रार्थनेच्या वेळी बसल्या जागीच थोडी पुढे झुकतात आणि कपाळाला हात लावतात. झाली प्रार्थना.

अशा त्या चर्चमध्ये एका रविवारी शकु आली. शकुंतला साळवे, विक्रोळीची. जवळच्या गावातल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली होती आणि डोरीन नावाच्या म्हातारीच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होती. संकोचाने ती शेवटच्या बाकावर बसली. त्या बाकाला उशी नव्हती, कारण तिथे कितीतरी वर्षांत कुणी बसलंच नव्हतं. प्रार्थना सुरू झाली तशी शकु सवयीप्रमाणे सरळ खाली उतरली आणि उघड्या दगडी फरशीवर गुडघे टेकून बसली. डोरीनने मागे वळून पाहिलं. ती तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. चहाच्या वेळी तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही; तिथे अशा गोष्टी बोलत नाहीत. पण त्या आठवड्यात तिने लोकर आणली.

मला विणायला डोरीनला आठ महिने लागले. कडेला काय काढू, असं तिने शकुला विचारलं होतं. शकुने पुष्कळ विचार केला आणि अबोलीची फुलं सांगितली. विक्रोळीला तिच्या आईने दारात तेलाच्या डब्यात अबोली लावली होती आणि रोज केसांत माळायची. डोरीनने अबोली जन्मात पाहिली नव्हती. शकुने बोटांनी पाकळ्या करून दाखवल्या, रंग समजावून सांगितला, आणि डोरीनने आपल्या परीने ती विणली. पहिल्या रविवारी मला कडीला टांगलं तेव्हा सगळ्यांनी गाजरं फार छान आलीत म्हणून कौतुक केलं. शकु हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि मग ते थांबेना.

पुढे नऊ वर्षं तिने माझ्यावर गुडघे टेकले. मित्रांनो, तुम्ही विचाराल की लोकरीच्या इंग्रज उशीला मराठी कसं येतं. अहो, शकु माझ्यावर बसून मराठीतच पुटपुटायची. त्या अख्ख्या गावात ते कळणारी मी एकटी. आईचा दमा, भावाची नोकरी, पुतणी श्रुतिकाची दहावी, सगळं मला ठाऊक होतं. माणसाचा चेहरा मी फारसा पाहिलेला नव्हता, मला माणूस गुडघ्यांवरून कळायचा. काळजी असली की शकुचा डावा गुडघा जड व्हायचा. ज्या आठवड्यात तिची आई गेली, त्या आठवड्यात तिला रजा मिळाली नाही. त्या रविवारी ती माझ्यावरून उठलीच नाही. सगळे गेले. डोरीनने पुढच्या बाकांपासून एकेक दिवा मालवत आणला, शेवटचा तसाच ठेवला, आणि ती दारात उभी राहिली.

मग चर्च बंद झालं. नऊ माणसं उरली होती आणि छप्पर गळत होतं, काय करणार? शेवटच्या उपासनेनंतर ज्याने त्याने आपापली उशी कडीवरून काढून काखेत मारली आणि घरी नेली. डोरीनने मला काढलं आणि शकुच्या हातात दिलं.

"ही तुझ्या मापाची आहे," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला बसायची नाही."

त्यानंतर दोन वर्षांनी शकु निवृत्त होऊन कायमची परत आली. म्हाताऱ्या माणसांना उचलून उचलून तिच्या गुडघ्यांचं पार मातेरं झालं होतं. बॅगेत स्वेटरच्या घडीत मी. विक्रोळीला आईवडील उरले नव्हते, भाऊ बायकापोरांना घेऊन चारकोपला गेला होता. शकुने जुन्या वस्तीजवळच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एका खोलीची जागा घेतली. खिडकीतून खाडीकडची हिरवी झाडी दिसायची. पहिल्या रविवारी तिने मला कापडी पिशवीत घातलं आणि लहानपणच्या ख्रिस्तमंदिरात गेली. मनात एवढंच होतं की शेवटच्या रांगेत बसायचं, मला खाली ठेवायचं आणि गुडघे टेकायचे. मीही आतुर झाले होते. इतक्या दिवसांनी तेच काम, फक्त फरशी दुसरी.

ती मला पिशवीतून काढून खाली ठेवणार तोच मंडळीचे सेक्रेटरी भीमराज धावत आले. हा माणूस वाईट मुळीच नाही. सगळ्यांच्या अडीनडीला उभा राहणारा, फक्त उत्साह जरा जास्त.

"अहो ताई, खाली काय ठेवताय? क्रॉस आहे त्याच्यावर!"

त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. मग त्यांना शकुकडून समजलं की ही इंग्लंडच्या चर्चमधली, आणि ते चर्च सातशे वर्षांचं. झालं. भीमराजनी तिथल्या तिथे सगळ्या मंडळीसमोर जाहीर करून टाकलं की लंडनहून आलेल्या शकुताईंनी ही अमोल भेट आपल्याला दिली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकु उभी राहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एवढ्या टाळ्यांपुढे हसून खाली बसली. ती लंडनला आयुष्यात दोनदा गेली होती, तीही विमान पकडायला.

महिन्याभरात मरोळच्या एका कारखान्यातून माझ्यासाठी पारदर्शक पेटी करून आली. वेदीच्या डाव्या हाताला भिंतीवर फळी ठोकली, वर पेटी, खाली ती सोनेरी पाटी. नाताळला पेटीला हार, ईस्टरला प्लास्टिकची फुलं. येणारे जाणारे पेटीला बोट लावून ते कपाळाला लावायचे. नव्या पाळकसाहेबांना हे फारसं पसंत नव्हतं, पण त्यांनीही ते चालू दिलं. मला पहिल्यांदाच माणसांचे चेहरे समोरून दिसायला लागले. खरं सांगते, मला ते वाचता येईनात. गुडघे कसे खरं बोलतात. चेहरा बघून मला कुणाचं काही कळायचं नाही, आणि तीन वर्षांत एकाही माणसाचं वजन माझ्यावर पडलं नाही. लोकरीत हवा भरून मी फुगले. कुणी आपल्याला ओवाळत असताना एकटं वाटावं, याहून वाईट एकटेपण मला माहीत नाही.

शकु शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. प्रार्थनेला सगळी मंडळी सतरंजीवर गुडघे टेकायची, ती मात्र खुर्चीवरच मान खाली घालायची. सतरंजीचा पातळ थर तिच्या गुडघ्यांना पुरेसा नव्हता. एकदा माझ्या पेटीजवळच दोन बायका बोलत होत्या. लंडनचं पाणी प्यायली ना, आता देवापुढे वाकायला जड जातंय, असं त्यातली एक म्हणाली. शकु शेजारच्याच दारात चपला घालत होती. तिने ऐकलं, चपलेचा पट्टा लावला आणि गेली. लोक तिला मान देत, तो मात्र खरा. कार्यक्रमाला पहिल्या खुर्चीवर बसवत, शाल देत, लंडनच्या ताई म्हणत. पण रविवारी उपासना संपल्यावर आमच्याकडे जेवायला चला, असं त्या तीन वर्षांत तिला कुणी म्हटलं नाही. इतक्या मोठ्या बाईला आपल्या घरचं कसं चालेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी ती अवेळीच आली. भीमराज पंखा दुरुस्त करून घ्यायला आले होते. शकुने त्यांना विचारलं, येत्या गुरुवारी दुपारी साडेचार वाजता तासभर ती उशी पेटीतून काढून मिळेल का.

"कशाला हो ताई?"

"गुडघे टेकायला."

भीमराजना ती थट्टा वाटली. ते हसले, आणि ती हसत नाही हे दिसल्यावर ओशाळले. मग फार नम्रपणे त्यांनी समजावलं की ताई, लोक हात जोडतात तिच्यापुढे, तिच्यावर गुडघे ठेवलेले दिसले तर लोकांना काय वाटेल? आणि देवाला दिलेली वस्तू. शकुने मान डोलावली. गुरुवारीच का आणि साडेचारलाच का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

गुरुवारी ती आलीच. मंदिरात नाना एकटे झाडत होते. नाना म्हणजे मंदिराची राखण करणारे गृहस्थ, वय चौऱ्याहत्तर. पूर्वी इथल्याच एका कारखान्यात होते, शकुच्या वडिलांच्या बरोबरीने पाळी करायचे. शकु माझ्या पेटीसमोर येऊन उभी राहिली. घड्याळ बघितलं. मग खुर्चीच्या पाठीला धरून ती हळूहळू खाली वाकायला लागली. अर्ध्यावर आली आणि खुर्ची सरकली. ती पडली नाही, भिंतीला धरून सावरली, पण तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. ती तशीच खुर्चीवर बसून राहिली. मी तिच्यापासून चार हातांवर होते. ज्या कामासाठी मला आठ महिने खपून बनवलं, ते काम समोर उभं होतं आणि मधे ती चकचकीत पेटी होती. मला त्या पेटीचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यानंतर शकु यायची बंद झाली. एक रविवार गेला, दुसरा गेला, सहा गेले. शेवटच्या रांगेतली तिची खुर्ची कुणीतरी पुढे ओढून घेतली. कुणी म्हणालं परत लंडनला गेल्या असतील.

नानांनी मात्र ते गुरुवारचं पाहिलं होतं. सातव्या आठवड्यात, एका सकाळी, ते स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन आले, पेटीचे चारही स्क्रू काढले, मला रेशनच्या पिशवीत घातलं आणि पेटी पुन्हा जशीच्या तशी लावून टाकली. पुढे प्लास्टिकची फुलं इतकी होती की मी आत नाही हे दोन रविवार कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक रिकाम्या पेटीला बोट लावून कपाळाला लावत राहिले. तिसऱ्या रविवारी भीमराजच्या लक्षात आलं. त्यांनी नानांकडे पाहिलं आणि फुलं थोडी आणखी पुढे सरकवली. तो माणूस वाईट नाही, हे मी मघाशीच म्हटलं.

नाना चार मजले थांबत थांबत चढले. शकुने दार उघडलं. ती वाळली होती.

"काय गं शकु, येत का नाहीस?" त्यांनी विचारलं. तिने काहीतरी सबब सांगितली. नानांनी मला पिशवीतून काढून खाटेवर ठेवलं आणि म्हणाले, "ही कोणी बनवली, ते सांग आधी."

मित्रांनो, तीन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. किती जुनी, कुठली, किती किमतीची, सगळं विचारून झालं होतं. शकु खाटेवर बसली आणि सांगायला लागली. डोरीनचं, शेवटच्या बाकाचं, गाजरांचं. दर रविवारी संध्याकाळी डोरीन फोन करायची आणि उशी बरी आहे ना, असं विचारायची. शकु हो म्हणायची, वापरतेय म्हणायची. तीन वर्षं ती खोटं बोलली. मग डोरीनच्या शेजारणीचा निरोप आला की ती एक्याण्णवाव्या वर्षी झोपेतच गेली आणि गुरुवारी तिकडे सकाळी अकराला तिची माती आहे. तिकडचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेचार. जाणं तर शक्य नव्हतं, निदान त्या घटकेला तिच्या उशीवर गुडघे टेकावेत, एवढंच शकुच्या मनात होतं.

नाना उठले, मला खाटेवरून घेतलं आणि लादीवर शकुच्या पायांशी ठेवलं.

"टेक बघू," ते म्हणाले. "क्रॉसचं मी बघून घेईन."

माझा जीव लोकरीत मावेना. शकु खाटेच्या कडेला धरून उभी राहिली. वाकली. तिची साडी मला लागली. मी डाव्या गुडघ्याची वाट पाहिली, तो नेहमी आधी येतो.

गुडघा आला नाही. शकुने मला थोडं पुढे सरकवलं, स्वतः मागे उघड्या लादीवर गुडघे टेकले, आणि तिचं कपाळ माझ्यावर आलं.

"आता नाही ठेववत हो नाना," ती म्हणाली. "डोरीन गेली. आता हीच डोरीन."

तिचे अश्रू लोकरीत मुरले. मी ओली झाले. आणि तिचे गुडघे माझ्यापासून वीतभर अंतरावर थंड लादीवर होते, आणि मला त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं. नानांनी तिला पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

तेव्हापासून मी शकुच्या खोलीत आहे. भिंतीतल्या फळीवर, डोरीनच्या फोटोशेजारी. अंगावर धुतलेला पांढरा रुमाल. शेजारची कुंदा, मालवणकडची, मला बघून पहिल्या नजरेतच ओरडली, "अगो बाय माझे, ही तर आबोली!" चौदा वर्षांत माझी फुलं ओळखणारी ती पहिली. शकु त्या दिवशी फार खूश झाली, तिने कुंदाला चहा पाजला, दोघी तासभर बोलत बसल्या. जाताना कुंदाने मला हात जोडले. म्हणजे इथेही तेच.

शकु आता पुन्हा उपासनेला जाते, नाना तिला बरोबर नेतात. पण रोज संध्याकाळी ती घरीही प्रार्थना करते. फळीवरचा रुमाल सारखा करते, मला डोळ्यांना लावते, जागच्या जागी ठेवते, आणि मग खाटेच्या कडेला धरून उघड्या लादीवर खाली उतरते. उतरताना दात आवळते. उठताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागतो. हे सगळं मी वरून बघते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी काहीतरी मागणं मागतात, तशी मीही मागते. मला हात नाहीत, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. कधी विक्रोळीला आलात तर लंडनच्या ताईंचं घर कुठे म्हणून विचारा, कुणीही दाखवील. चार जिने चढा. तिला बोलतं करा, तिचे गुडघे कसे आहेत ते विचारा, कारण ते ती आपणहून सांगायची नाही. ती चहा ठेवायला ओट्याकडे वळली की मला फळीवरून उचला, रुमाल काढून ठेवा आणि खाटेसमोर लादीवर ठेवून द्या. क्रॉस वर आहे म्हणून घाबरू नका. डोरीन आयुष्यभर चर्चला जाणारी बाई होती. गुडघे कुठल्या बाजूला येतात हे तिला चांगलं ठाऊक होतं आणि तिने क्रॉस त्याच बाजूला विणला. शकु रागावली तर रागावू दे तुमच्यावर. संध्याकाळी ती वाकेल तेव्हा लादीच्या आधी तिला मी लागले पाहिजे.